तळमजल्याचा अर्ज

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी एका मुलीनं माझ्या हातात दिलेला अर्ज मी ऑफिसात दिला नाही. विसरले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. पण मी विसरले नव्हते. तो अर्ज माझ्या ड्रॉइंगच्या शीट्समध्ये नऊ दिवस होता, आणि तो तिथं आहे हे मला रोज सकाळी उठल्या उठल्या आठवायचं.

आम्ही मुदखेडचे. बाबा तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. आम्ही स्टेशनवर गेलो की कुणी ना कुणी येऊन बाबांच्या पाया पडायचं. कुणी नांदेडला बँकेत लागलेला, कुणी उमरीला तलाठी झालेला. "सर, तुमच्यामुळं गणित सुटलं," असं म्हणायचे. गणिताच्या मास्तरची पोरगी म्हटल्यावर माझं गणित चांगलं असणारच, हे सगळ्या गावानं ठरवून टाकलं होतं. मला मात्र बाबांना गणित विचारायची भीती वाटायची. ते रागवायचे नाहीत. उदाहरण वाचायचे, वही माझ्याकडं सरकवायचे आणि "कर विचार" म्हणून गप्प बसायचे. ते तसे शांत बसले की माझ्या डोक्यातलं होतं नव्हतं तेवढंही जायचं. दहावीपर्यंत मी उदाहरणं पाठ करून भागवलं. बाबांच्या ते लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही.

अकरावीला मला लातूरला ठेवलं. भूकंपाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. औशाकडची किती तरी गावं अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहात होती आणि इकडं लातुरात गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागत होत्या. घरमालकांनी माडीवर, गच्चीवर, जिथं जमेल तिथं खोल्या काढून पोरांना दिल्या होत्या. आमचे मॅथ्सचे सर पहाटेच्या बॅचला शंभर-सव्वाशे पोरांपुढं उभे राहायचे आणि उदाहरणांचे टाइप पाडून द्यायचे. फळ्यावर प्रश्न लिहिला की आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "टाइप सतरा!" मग टाइप सतराच्या सहा पायऱ्या धडाधडा लिहायच्या. हे मला फार छान जमायचं. बारावीला मला गणितात चौऱ्याण्णव मिळाले. बाबांनी पेढे वाटले आणि मला नांदेडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला.

तिथं पहिल्याच सेमिस्टरला मी उघडी पडले. एम-वनचा, म्हणजे पहिल्या गणिताचा पेपर हातात आला आणि त्यातल्या एकाही प्रश्नाला टाइप नव्हता. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. तळहाताला इतका घाम आला की उत्तरपत्रिकेवर शाई पसरली. पंख्याचा आवाज मोठा होत गेला. शेवटी मी प्रश्नच पुन्हा सुबक अक्षरात उतरवून काढले. वर्गातल्या पुष्कळांचं असंच होतं. एक मुलगा गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी ओकायचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो बेसिनकडं पळाला की बाकीचे हसायचे, पण हसणाऱ्यांचेही चेहरे पांढरे असायचे. माझी एम-वनला एटीकेटी लागली. म्हणजे पुढं जाता येतं, पण तो पेपर पुन्हा द्यावा लागतो. हॉस्टेलवर माझ्या खोलीत राहणारी मुलगी मात्र त्या पेपरात वर्गात पहिली आली.

ती औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली. भूकंपात तिची आई आणि मोठी बहीण गेली. उकडत होतं म्हणून ही अंगणात बाजेवर झोपली होती आणि वडील रानात होते. हे तिनं मला एकदाच सांगितलं, दोन वाक्यांत, वेणी घालता घालता. दहावी तिनं पत्र्याच्या शेडमध्ये राहून केली आणि अकरावी-बारावी तालुक्याच्या कॉलेजात. क्लास कधी लावलाच नाही. टाइप म्हणजे काय, हे मी तिला समजावून सांगितलं तेव्हा ती खो खो हसली.

"म्हंजे गणित न वाचताच सोडवायलात की तुम्ही!"

मला ते लागलं. पहिल्या दिवसापासून मी तिच्यावर जळत होते, पण त्या दिवशी ते माझं मलाच कळलं. तिचं सगळंच मला खुपायला लागलं. तिचं दोन ड्रेसमध्ये भागवणं, तिचं ते 'लई' आणि 'न्हाई', पेपरच्या आदल्या दिवशी सहाला गाढ झोपून जाणं. आणखी एक सांगते, सांगायला लाज वाटते. मला तिच्या भूकंपाचाही हेवा वाटायचा. आमच्या मुदखेडला भूकंपात फडताळातली भांडी वाजली आणि आठवडाभर आम्ही मैदानात झोपलो, एवढंच झालं होतं. लातूरला मैत्रिणींना मी ते तिखटमीठ लावून सांगायचे. ती खोलीत आल्यावर मला ते सांगता येईना. मेसमध्ये एकदा एक मुलगी म्हणाली, "तिला काय, भूकंपग्रस्ताचा दाखला असेल. त्याच्यावर मिळालं असेल अॅडमिशन." तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते आणि तिचा प्रवेश सरळ मेरिटवर झाला होता. मला ते माहीत होतं. मी वरणात भाकरी कुस्करत राहिले.

दुसऱ्या सेमिस्टरला एका रविवारी मी तिला घरी नेलं. खरं म्हणजे आईनंच सांगितलं होतं, "आई न्हाई बिचारीला, घेऊन ये." जेवणं झाल्यावर आईनं मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावायला घेतलं. ती थोडा वेळ उंबऱ्यात उभी राहिली आणि मग बाहेर अंगणात गेली. बाबा तिथं खुर्ची टाकून पेपर वाचत होते. जरा वेळानं मी पाहिलं तर पेपर खाली पडलेला आणि दोघं वहीवर वाकलेली.

एम-टूमध्ये एक प्रकार होता. एखाद्या आकृतीचं क्षेत्रफळ काढताना इंटिग्रेशनचा क्रम उलटा करायचा. आधी उभ्या पट्ट्या घेतलेल्या असतील तर आता आडव्या घ्यायच्या. माझा त्यात हमखास घोटाळा व्हायचा. बाबांनी तिला विचारलं, "हे तू कसं समजून घेतलंस?"

ती म्हणाली, "सर, शेताला कुळवाची पाळी घातल्यावानी हाय हे. उभी घाला न्हाईतर आडवी घाला, रान तेवढंच ऱ्हातंय. फकस्त बांध कुठं सुरू होतो अन् कुठं संपतो ते बघून घ्यायचं."

बाबा तिच्याकडं बघतच राहिले. मग मोठ्यानं हसले. "अगं ए, ऐकलंस का?" त्यांनी आत आवाज दिला. "इतकी वर्षं शिकवायलो मी, मला असं कधी सुचलं न्हाई!"

माझ्या केसांत आईची बोटं होती. बाबा माझ्या कुठल्याही उत्तरावर असे हसले नव्हते. माझ्या चौऱ्याण्णव मार्कांवरही नाही.

त्यानंतर ती दर दोन-तीन आठवड्यांनी घरी यायला लागली. गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसायचे. घरी पोचलो की ती सरळ अंगणात जायची, मी आईपाशी. बाबा तिच्यासाठी जुन्या पुस्तकांतली अवघड उदाहरणं काढून ठेवायचे. ती अडली की "कर विचार" म्हणून गप्प बसायचे. तेच ते गप्प बसणं! पण ती त्यात आरामात बसून राहायची, पेनचं टोपण चावत. मग एकदम "हां!" म्हणायची. एम-टूलाही माझी एटीकेटी लागली. बाबा "होईल," एवढंच म्हणाले.

तिला भीती कशाचीच नव्हती असं नाही. तिला वरच्या मजल्यावर बसणं सोसायचं नाही. आमची खोली तळमजल्यावर होती ती तिच्यामुळंच. कॉलेजात वरच्या वर्गात ती दाराजवळ बसायची. कुणी बाक ओढला आणि फरशी थरथरली की ती दोन्ही हातांनी बाक धरायची. एकदा शिपायानं वरून लोखंडी कपाट ओढत नेलं, तेव्हा ती कुणाला काही न सांगता जिना उतरून मैदानात जाऊन उभी राहिली होती. म्हणून दर परीक्षेच्या आधी ती अर्ज द्यायची की बैठक तळमजल्यावर मिळावी. परीक्षा विभागात एक वयस्कर बाबू होते, नांदेडच्याच जुन्या मुसलमान घरातले, पांढरी दाढी. ते तिचा अर्ज नीट रजिस्टरात चढवून घ्यायचे आणि म्हणायचे, "जा बेटा, फिकीर नको करू."

तिसऱ्या सेमिस्टरला, परीक्षेच्या आधीच्या सुट्टीत, तिच्या वडलांना नव्या गावठाणात घर मिळालं. घरात बाईमाणूस दुसरं नव्हतं, म्हणून तिला जावं लागलं. निघताना तिनं अर्ज लिहून माझ्याकडं दिला. "शनवारच्या आत देऊन टाक बरं का. मी पेपरच्या आदल्या दिवशी येते."

मी तो नक्की देणार होते. पण त्याच दुपारी बाबांचं पोस्टकार्ड आलं. आम्हा दोघींच्या नावानं होतं आणि तिचं नाव आधी लिहिलं होतं. खालीपर्यंत एक उदाहरण होतं आणि ते सोडवायच्या दोन वाटा. "तिसरी वाट तू शोध," असं तिला लिहिलं होतं. सगळ्यात शेवटी, जागा उरली नव्हती म्हणून आडवं, बारीक अक्षरात माझ्यासाठी लिहिलं होतं: तब्येतीला जप.

मी कार्ड तिच्या उशीखाली ठेवलं आणि अर्ज माझ्या शीट्समध्ये. उद्या देऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिससमोरून दोनदा गेले. शनिवारी दुपारी ऑफिसची खिडकी बंद झाल्याचा आवाज मी समोरच्या झाडाखाली उभी राहून ऐकला. तेव्हाही वाटलं की दार वाजवावं, बाबू आत असतील, घेतील. मी हॉस्टेलवर परत आले.

पेपरच्या सकाळी तिनं बोर्डावर यादी पाहिली. तिचा नंबर दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होता, माझा खालच्या वर्कशॉपमध्ये. ती माझ्याकडं वळली. तिचे ओठ कोरडे पडले होते.

"अर्ज दिलतास ना गं?"

"हाव, दिला की."

"मग असं कसं?"

मी म्हणाले, "चुकून झालं असेल. आता तीन तासांचा तर प्रश्न आहे."

तिनं माझा हात एकदा घट्ट धरला, माझ्याकडून बळ घ्यावं तसा, आणि जिना चढून गेली.

खाली माझं नेहमीचंच सुरू झालं. पेपर हातात आला, घाम आला, पहिला प्रश्न तीनदा वाचला तरी डोक्यात शिरेना. अर्धा तास असाच गेला असेल. वर कुणी तरी बाक सरकवले, त्याचा आवाज छतातून खाली आला. मी खिडकीबाहेर पाहिलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली. दप्तर छातीशी धरलेलं. झाडाच्या पारावर जाऊन बसली आणि दोन्ही पाय वर घेतले, जमिनीला पाय लागू नयेत म्हणून. एक मॅडम तिच्यामागून आल्या, काही तरी बोलल्या. तिनं नुसती मान हलवली. मॅडम परत गेल्या.

त्यानंतर जे झालं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझा घाम थांबला. पंख्याचा आवाज कमी झाला. मी पेपरकडं पाहिलं आणि पहिला प्रश्न मला कळला. मग दुसराही कळला. तिच्या तोंडून कितीदा तरी ऐकलेलं माझ्या कानात होतंच. इतके दिवस ते ऐकताना मला राग यायचा म्हणून आत जात नव्हतं. आता ती बाहेर बसली होती आणि माझा हात चालायला लागला होता. मी शेवटच्या मिनिटापर्यंत लिहीत होते.

एम-थ्री मला एका झटक्यात सुटला. बासष्ट मार्क पडले. ती नापास.

निकाल लागला तेव्हा मी मुदखेडला होते. बाबांनी माझी गुणपत्रिका वाचली, "छान," म्हणाले आणि लगेच विचारलं, "अन् तिचं?" मी सांगितलं, वरच्या मजल्यावर बैठक आली, अर्ज दिला होता पण ऑफिसनं हरवला. बाबा उठून उभेच राहिले. एरवी त्यांचा आवाज कधी चढत नसे.

"हरवला म्हंजे? एका पोरीचा पेपर गेलाय त्याच्यापायी! उद्या मी येतो तुझ्यासंगं. त्या बाबूला विचारतोच, अन् प्राचार्यांनाबी भेटतो."

त्या बाबूंना प्राचार्यांनी आधीच एकदा बोलावून झापलं होतं. पेपरनंतर आम्ही दोघी विचारायला गेलो, तेव्हा बाबूंनी माझ्यासमोर रजिस्टरची पानं उलटून दाखवली होती. "बेटा, आला असता तर मी स्वतः जाऊन नंबर बदलला असता. सबब सांगायची सवय न्हाई मला." निवृत्तीला त्यांची थोडीच वर्षं राहिली होती. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी सकाळी बाबांबरोबर स्टेशनवर गेले. गाडीला वेळ होता. बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता, तक्रार लिहून खिशात ठेवली होती, आणि प्लॅटफॉर्मवर येरझाऱ्या घालत प्राचार्यांशी काय बोलायचं ते पुटपुटत होते.

मी म्हणाले, "बाबा, अर्ज मी दिलाच नव्हता."

त्यांना आधी कळलं नाही. "विसरलीस?"

"न्हाई. माझ्यापाशीच होता. मी मुद्दाम दिला नाही."

ते बाकावर बसले. मी उभीच राहिले. "काहून?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "तुम्ही तिच्याशी बोलता तसं माझ्याशी बोलत नाही." हे बोलताना मला आपण सात वर्षांच्या पोरीसारखं बोलतोय असं वाटलं. गाडी आली. त्यांनी खिशातला कागद काढून चार घड्या करून माझ्या हातात दिला.

"मला सांगून काय उपयोग? तिला सांग. अन् त्या बाबूला सांग." आणि गाडी हलायच्या आत ते वळून घराकडं चालायला लागले.

नांदेडला उतरून मी आधी ऑफिसात गेले, कारण ते सोपं होतं. बाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "लेखी दे," एवढंच म्हणाले. मी लिहून दिलं. त्यांनी ते रजिस्टरात चढवलं, तारीख घातली आणि मला पोच दिली.

ती खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. मी दारातच सांगून टाकलं. तिनं घडी पूर्ण केली, पेटीत ठेवली आणि मग विचारलं, "कशापायी?"

"बाबांपायी. तुझ्या गणितापायी."

"गणितापायी?" ती हसली, पण ते हसू लगेच गेलं. "तुला वाटतंय मी तुझ्या घरी गणितं सोडवायला येत होते? तुझी आई तुझ्या डोक्याला तेल लावून द्यायची ना, ते मला बघवायचं न्हाई. उठून बाहेर जावं तर अंगणात सर असायचे. मग काय करणार, घ्यायची वही." तिनं पेटीचं झाकण लावलं. "मी बी जळायचे तुझ्यावर. लई जळायचे. पण तुझा अर्ज दाबून न्हाई ठेवला मी."

मी तिच्याजवळ जायला लागले तर तिनं हात आडवा केला. त्याच आठवड्यात तिनं खोली बदलली. नवी खोलीही तळमजल्यावरच होती, दोन दारं सोडून. मेसमध्ये समोर आलो तर ती मान हलवायची, बोलायची नाही. पुढच्या परीक्षेत तिनं एम-थ्री काढला. खालच्या हॉलमध्ये, माझ्या मागं तीन बाक सोडून बसली होती. तिला ब्याण्णव पडले. मला त्याच वेळी राहिलेले दोन्ही पेपर कसेबसे सुटले. बाबा तिला पोस्टकार्डं पाठवत राहिले. येताजाता उघड्या दारातून मला ती तिच्या टेबलावर दिसायची. मुदखेडला ती पुन्हा आली नाही.

बाबा त्यानंतर माझ्याशी जास्त बोलायला लागले, पण गणिताबद्दल नाही. ते जपून बोलायचे आणि मला ते जपणं कळायचं. एकदा मी स्वतःहून एक उदाहरण त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी वही ओढून घेतली आणि भराभरा सगळं सोडवूनच दिलं. "कर विचार" म्हणाले नाहीत. मला रडू आलं.

मी पाटबंधारे खात्यात लागले, बिलोलीकडं बरीच वर्षं काढली. ती पुण्याला शिकवते, असं कुणाकडून तरी कळायचं. बाबा गेले तेव्हा मी तिला कळवलं नव्हतं, कुणी कळवलं कोण जाणे. दहाव्याच्या दिवशी ती आली. केस अर्धे पिकलेले, हातात पिशवी. आईच्या पायाशी बसली आणि तिला जे रडू फुटलं ते थांबेना. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मला दहा दिवसांत तसं रडता आलं नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, आणि बाबांच्या दहाव्याला, पन्नाशीला आलेली मी तिच्यावर पुन्हा जळत होते.

शेजारच्या एका बाईनं मला विचारलं, "ही कोण गं? तुमच्या नात्यातली का?"

"बाबांची विद्यार्थिनी," मी म्हणाले.

मग मी ट्रे खाली ठेवला, तिला चहा दिला आणि तिच्या शेजारी सतरंजीवर बसले. ती डोळे पुसत जरा सरकली, मला जागा दिली. तिची गाडी चारची होती. पावणेचारला मी तिला स्कूटीवर स्टेशनला सोडून आले.